फळ्यापाशी उभ्या सौ. घारपुरे

मीनाक्षीबाई ओगले यांचं नाव पोस्टरवर चुकीचं छापलं असतं, तर त्यांनी नाक मुरडून सोडून दिलं असतं. अमेरिकेत अठ्ठेचाळीस वर्षं काढलेल्या बाईला आपल्या नावाची मोडतोड काही नवी नसते. पण शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या काचेवर त्या शनिवारी जे चिकटवलं होतं, त्यात नाव अगदी बिनचूक छापलं होतं. फक्त ते दुसऱ्या बाईचं होतं आणि चेहरा मीनाक्षीबाईंचा होता.

पोस्टर स्नेहसंघाचं होतं, म्हणजे तिथल्या मराठी मंडळींच्या संस्थेचं. संघाला पन्नास वर्षं झाली म्हणून जुने फोटो, मुलाखती आणि वस्तू यांचा डिजिटल संग्रह व्हायचा होता. मधोमध एक लालसर पडलेला रंगीत फोटो. घराचं तळघर, फळा, जमिनीवर मांडी घालून बसलेली आठ मुलं. फळ्यापाशी साडीवर स्वेटर चढवलेली तरुण बाई, तिच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी. मागे जिन्याच्या कठड्याला टेकून एक पुरुष, हाताची घडी घातलेला, शाळा तपासायला आल्यासारखा. खाली मजकूर: ‘आपल्या मराठी शाळेच्या संस्थापिका सौ. राधिका घारपुरे, कन्या सलोनीसह. १९८३.’

हातात पोह्यांची पिशवी घेऊन मीनाक्षीबाई तिथेच उभ्या राहिल्या. दारातून येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मस्तकातच राहिली. १९८३ साली राधिका घारपुरे नावाची कोणी बाई जगात नव्हती. एक राधिका नागपुरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, तिला शिकागो पूर्वेला की पश्चिमेला हेही ठाऊक नसेल. आणि कडेवरची सलोनी तर मीनाक्षीबाईंनी स्वतः नऊ महिने पोटात वाढवलेली होती.

हे असं कसं झालं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. १९७७ ते १९९१ अशी चौदा वर्षं मीनाक्षीबाई कुमार घारपुरे यांची बायको होत्या. त्या काळच्या संघात बायकांना नाव नसायचं. सभासदांच्या यादीत ‘श्री. व सौ.’, अल्बममध्ये फोटोखाली ‘सौ. घारपुरे’, स्वयंपाकाच्या पाळ्यांच्या तक्त्यावरही ‘घारपुरे वहिनी’. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीनाक्षीबाईंनाही वाटत नव्हतं. पुढे घटस्फोट झाला आणि मीनाक्षीबाई पुन्हा माहेरच्या ओगले झाल्या. कुमाररावांनी दोन वर्षांनी नागपूरची राधिका करून आणली. यादीतली ओळ जशीच्या तशी राहिली, श्री. व सौ. घारपुरे. दारावरची पाटी तीच, आतली बाई तेवढी बदलली.

शाळा त्यांनी काढली होती, आपल्या घराच्या तळघरात, दर रविवारी सकाळी. मुळाक्षरांचे पत्तेही त्यांनीच केले होते. नाश्त्याच्या सीरियलचे रिकामे खोके कापायचे आणि मुलांना खिडकीतून जे दिसतं तेच काढायचं. ख खारीचा, कारण खार रोज अंगणात यायची. ब बर्फाचा, म मक्याचा, ट टर्कीचा. ळ बाळाचा, आणि ते बाळ म्हणजे कपाळावर वाकडी कापलेली झुलपं असलेली सलोनी. घटस्फोटाची बातमी फुटल्यावर कमिटीतले चार गृहस्थ आले, चहा प्याले आणि म्हणाले की वहिनी, थोडे दिवस थांबा, पालकांना जरा ऑकवर्ड वाटतंय. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. घर कुमाररावांकडे राहिलं आणि पत्तेही त्या घरातच राहिले.

मीनाक्षीबाईंनी एका उपनगरातल्या सार्वजनिक लायब्ररीत पुस्तकं लावण्याची नोकरी धरली आणि चिकाटीनं स्थानिक इतिहासाच्या खोलीपर्यंत पोचल्या. परक्या गावाची परकी छायाचित्रं त्यांनी सव्वीस वर्षं स्कॅन केली. आजोबांच्या पेट्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव शोधून लिहायचं, शेंडीपासून बुटापर्यंत, ही त्यांची ख्याती होती. गावातल्या एका न्हाव्याचं नाव शोधायला त्यांनी एकदा दीड महिना घालवला होता. आणि या बाईंचं स्वतःचं नाव काचेवरून पुसलं गेलं होतं.

घरी येऊन त्यांनी सलोनीला फोन लावला. सलोनी रेडमंडला असते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आईचं मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते.

“आई, जस्ट ईमेल देम. इट्स ॲन ऑनेस्ट मिस्टेक.”

“असेल. पण कोणाची ते मला बघायचंय.”

सलोनी म्हणाली की मी डॅडशी बोलू का. मीनाक्षीबाई नको म्हणाल्या. मग व्हॉट डू यू वॉन्ट, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

“मला उट्टं काढायचंय,” त्या म्हणाल्या.

सलोनीला उट्टं म्हणजे काय ते कळलं नाही. सांगत बसायला मीनाक्षीबाईंना वेळ नव्हता.

पोस्टरच्या तळाशी ‘स्वयंसेवक हवेत’ असं लिहून शिवांगीचा नंबर दिला होता. शिवांगी पुण्याची, एका बँकेच्या आयटीत वर्क व्हिसावर होती, शिकागोत येऊन पाच वर्षं झालेली. संग्रहाचं सगळं काम तिनं अंगावर घेतलं होतं आणि ते तिला झेपत नव्हतं. एकोणीसशे फोटो, चाळीस मुलाखती, वस्तू वेगळ्याच. पंधरा नोव्हेंबरला हे सगळं एका विद्यापीठाच्या अभिलेखागारात कायमचं जमा व्हायचं होतं. त्यानंतर एक अक्षरही बदलता येणार नाही असा त्यांचा नियम होता. म्हणजे पंधरा नोव्हेंबरनंतर फळ्यापाशी राधिकाच उभी राहणार होती, नातवंडांच्या नातवंडांपर्यंत. मीनाक्षीबाईंच्या हातात सात आठवडे होते.

लायब्ररीतला अनुभव ऐकून शिवांगीला आभाळ ठेंगणं झालं. ओगले या नावानं तिला काहीच आठवलं नाही. आठवणार कुठून, घारपुऱ्यांचं पहिलं लग्न हा विषय ती पुण्यात बालवाडीत असतानाच संघातून हद्दपार झाला होता. मीनाक्षीबाईंनीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त साळसूदपणे विचारलं की या फोटोतल्या बाई कोण, हे कसं ठरवलं.

“अल्बममध्ये सौ. घारपुरे लिहिलंय ना काकू. मेंबर लिस्ट चेक केली, राधिका काकू आहेत. आणि मी अझ्यूम नाही केलं हं, कुमार काकांच्या इंटरव्ह्यूमध्ये विचारून कन्फर्म पण केलं.”

कन्फर्म. मीनाक्षीबाईंनी ती मुलाखत शब्दशः उतरवून काढायला मागून घेतली.

घरी कानाला हेडफोन लावून त्यांनी बावीस मिनिटं कुमाररावांचं आयुष्य ऐकलं. पहिला हिवाळा, पहिली गाडी, आपण संघाचे अध्यक्ष कसे झालो, हॉल कसा मिळवला. तेविसाव्या मिनिटाला शिवांगी फोटो पुढे करून विचारते, ही राधिका काकूच ना. मग काहीच ऐकू येत नाही. खोलीतल्या घड्याळाची टिकटिक तेवढी येते, चारदा. मग कुमारराव म्हणतात, “हो, राधिकाच. शाळा तिचीच कल्पना. ते पत्तेबित्तेसुद्धा तिनंच रंगवले.”

मीनाक्षीबाईंनी तो तुकडा अकरा वेळा ऐकला. विसरणारा माणूस आठवण्याचा प्रयत्न करतो, अं करतो, थांब हं म्हणतो. चूक करणारा पटकन बोलून मोकळा होतो. या माणसानं चार सेकंद घेतले होते. चार सेकंदांत त्याला चौदा वर्षांची बायको आठवली होती, तळघर आठवलं होतं, या पोरीला पहिल्या लग्नाबद्दल सांगावं लागेल हेही आठवलं होतं, आणि मग त्यानं ठरवलं होतं. स्वतःच्या मुलीची आई त्यानं चार सेकंदांत बदलून टाकली होती. मीनाक्षीबाईंनी दात-ओठ खात, पण सवयीप्रमाणे अगदी नेटकं टाइप केलं: ‘चार सेकंद शांतता.’

तेवढ्यावर त्यांना ते नाव दुरुस्त करून घेता आलं असतं. आपलं लग्नाचं सर्टिफिकेट शिवांगीपुढे ठेवलं असतं की काम झालं असतं, पोर सरळ होती. पण मग कुमारराव म्हणाले असते, अरे हो, वय झालं, गल्लत झाली. सगळे हसले असते आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला असता. मीनाक्षीबाईंना ते नको होतं. त्यांना तो माणूस स्वतःच्या तोंडानं पकडला जायला हवा होता.

त्यांनी कुमाररावांचा संमतीचा फॉर्म काढून वाचला. ऐटदार सही होती. मुलाखत काही वर्षं बंद ठेवावी का, या चौकटीत फुली नव्हती. काही भाग वगळावा का, तिथेही नव्हती. ‘ही आणि पुढील सर्व बैठका संपूर्ण, विनाकाटछाट जतन कराव्यात’ इथे मात्र जोरात फुली मारली होती. आपला एकही शब्द वाया जाऊ नये असं त्यांना वाटलं होतं. खाली बारीक अक्षरांत एक कलम होतं. ते मीनाक्षीबाईंनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

मग त्या शिवांगीकडे गेल्या आणि त्यांनी मुळाक्षरांच्या पत्त्यांचा विषय काढला. पत्त्यांचे स्कॅन सुंदर झाले होते, पण फक्त समोरच्या बाजूचे.

शिवांगी म्हणाली, “मागे काही नाहीये काकू. सीरियलचे बॉक्स आहेत नुसते.”

“मागची बाजू घेतल्याशिवाय स्कॅन पुरा होत नाही,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “आमच्याकडे हा पहिला नियम होता.”

पत्ते कुमाररावांकडे परत गेले होते. तेव्हा त्यांच्याच घरी जाऊन मागची बाजू स्कॅन करायची आणि वस्तूंबद्दल दुसरी छोटी बैठकही उरकायची असं ठरलं. तुम्हाला एक्स्पीरियन्स आहे तर प्रश्न तुम्हीच विचाराल का, असं शिवांगीनं विचारलं. मीनाक्षीबाईंनी जरासे आढेवेढे घेतले, फार नाही. लायब्ररीतून रिटायर झालेल्या एक काकू सोबत येतील, एवढंच शिवांगीनं घारपुऱ्यांना कळवलं.

ते घर मीनाक्षीबाईंनी चौतीस वर्षांत आतून पाहिलं नव्हतं. सलोनीला आणायला-सोडायला त्या यायच्या तेव्हाही गाडीतच बसून राहायच्या. दार कुमाररावांनीच उघडलं. पंचाहत्तरीतही माणूस ताठ, इस्त्रीचा शर्ट, केस मागे वळवलेले. शिवांगीकडे बघून त्यांनी तोंडभर हसायला सुरुवात केली आणि तिच्या खांद्यामागे नजर गेल्यावर ते हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यांची पाचावर धारण बसली. परत पाठवावं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं की सगळंच सांगावं लागेल. मीनाक्षीबाईंनी ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चपला अगदी सावकाश काढल्या.

आतून राधिका आली. सलोनीच्या लग्नात दोघी एका मांडवात बसल्या होत्या, त्यामुळे अनोळखी नव्हत्या. या ना मीनाक्षीताई, असं ती सहज म्हणाली. शिवांगीला नवल वाटलं. तुम्ही ओळखता एकमेकींना, असं तिनं विचारलं.

“जुनी ओळख आहे,” कुमारराव घाईनं म्हणाले. “संघातली.”

“हो, संघातलीच,” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

तळघरात उतरताना त्यांचा हात आपोआप जिन्याच्या कठड्याकडे गेला. फळा गेला होता, तिथे टीव्ही होता. शिवांगीनं कॅमेरा लावला, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, पत्ते मांडले. राधिका चहा ठेवायला वर गेली.

मुलाखत घेण्याची मीनाक्षीबाईंची एकच रीत होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. माणसाला शांतता सोसत नाही, तो ती भरायला बघतो आणि भरता भरता खरं बोलून बसतो. लग्नात हे त्यांना कधी जमलं नव्हतं, कारण तिथे कुमाररावांचं बोलणं संपायचंच नाही.

“तुमचं पूर्ण नाव सांगा,” त्या म्हणाल्या.

कुमाररावांनी सांगितलं. पुढचे चार-पाच प्रश्न साधेच होते. हे घर कधी घेतलं, वर्ग कुठल्या वारी भरायचा, मुलं किती होती. कुमारराव हळूहळू सैल झाले. बाई भांडायला आलेली नाही, काम करायला आली आहे, असं त्यांना वाटू लागलं असावं. मग मीनाक्षीबाईंनी खारीचा पत्ता उचलून त्यांच्यापुढे धरला.

“हे पत्ते कोणी केले?”

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा जळत होता. कुमाररावांनी दिव्याकडे पाहिलं, शिवांगीकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच मीनाक्षीबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. आणि त्या क्षणी मीनाक्षीबाईंना भीती वाटली. खोटं बोलेल याची नाही, हा आता खरं बोलून टाकेल याची. तू केलेस, एवढे दोन शब्द त्यानं उच्चारले असते तर त्यांना मुकाट्यानं घरी जावं लागलं असतं. चौतीस वर्षं पोटात सांभाळलेला राग घेऊन मग करायचं काय?

“राधिकानं,” कुमारराव म्हणाले. “सांगितलं ना मागच्या वेळी.”

मीनाक्षीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पत्ता उलटा केला. मागे खोक्याचं अर्धं चित्र होतं, दात काढून हसणारा वाघ, आणि त्याच्याखाली कुपनाची चौकट.

“इथली तारीख वाचून दाखवता का?”

कुमारराव म्हणाले की माझा चष्मा वर राहिला. मीनाक्षीबाई काही बोलल्या नाहीत. शांतता लांबत गेली. शिवांगीनं मध्ये तोंड घालायला श्वास घेतला आणि बाईंनी टेबलाखाली तिच्या हातावर हात ठेवला.

“मी वाचते,” जिन्यावरून आवाज आला.

राधिका चहाचा ट्रे घेऊन अर्ध्या जिन्यात उभी होती. तिनं ट्रे पायरीवर ठेवला, पुढे येऊन पत्ता घेतला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून कुपन वाचलं. ऑफर एकतीस डिसेंबर एकोणीसशे त्र्याऐंशीपर्यंत. मग ती कोणाकडेही न बघता बोलली.

“मी लग्न होऊन इथं आली त्र्याण्णवला. हे पत्ते मला याच खोलीत खोक्यात सापडले. कोणी केले विचारलं, तर म्हणाले कमिटीनं. शाळा बंद पडली होती, मी ती परत सुरू केली आणि चौदा वर्षं याच पत्त्यांवर शिकवलं, ते खरं आहे. पण शाळा मी काढली नाही. पोस्टर लावताना मला कोणी विचारलं नव्हतं.” तिनं ळचा पत्ता उचलला. “हे बाळ सलोनी आहे, हे मला तेव्हाच दिसलं होतं. ती वीकेंडला यायची ना इकडे. झुलपं तशीच होती.”

मीनाक्षीबाईंचा राग आता तिच्याकडेही वळला. मुलाखत घेणाऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं हे त्या विसरल्या.

“मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलात?”

“तुम्ही जशा बसलात तशीच,” राधिका म्हणाली.

मीनाक्षीबाईंनी कापडावरचे पत्ते उगाच सरळ केले.

शिवांगीला एव्हाना सगळं उमगलं होतं. ती फोटोकडे, मग मीनाक्षीबाईंकडे बघत होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. कुमारराव उठून उभे राहिले. कॅमेरा बंद कर, ते म्हणाले, आणि हे सगळं काढून टाका, हा आमच्या घरातला मामला आहे.

मीनाक्षीबाईंनी पिशवीतून फॉर्मची प्रत काढून टेबलावर ठेवली. लायब्ररीच्या काउंटरवर सव्वीस वर्षं वापरलेला त्यांचा थंड आवाज होता. त्या म्हणाल्या की तुकडा काढता येत नाही, विनाकाटछाट यावर तुमचीच फुली आहे. मात्र खालच्या कलमाप्रमाणे जमा होण्याआधी तुम्ही संमती मागे घेऊ शकता. मग दोन्ही बैठका पुसल्या जातील आणि त्यासोबत संग्रहातून तुमचं नावही निघेल. फोटो संघाचे आहेत, ते राहतील. नाव तुमचं आहे, ते जाईल.

“म्हणजे तू मला धमकी देतेस?”

“मी फॉर्म वाचून दाखवतेय,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “तुमचा चष्मा वर राहिलाय ना.”

दोन दिवसांनी कुमाररावांची ईमेल आली, सगळ्या कमिटीला. व्यक्तिगत कारणास्तव मी संमती मागे घेत आहे. माजी अध्यक्ष रुसले म्हणजे संघ धावत येईल, हातापाया पडेल, तळघरातला तो पोरकटपणा तेवढा पुसून टाकू म्हणेल, असा त्यांचा हिशेब असावा. दोन-तीन जुनी मंडळी कळवळली खरी. पण शिवांगीनं विद्यापीठाला विचारलं आणि त्यांनी तेच कलम दाखवलं. मुलाखती पुसल्या गेल्या. ते चार सेकंदही गेले, याचं मात्र मीनाक्षीबाईंना वाईट वाटलं.

राधिकानं स्वतःचा वेगळा फॉर्म भरला आणि तळघरात जे सांगितलं ते सगळं पुन्हा, खुर्चीवर बसून, सांगितलं. नावाच्या चौकटीत तिनं राधिका पांढरीपांडे लिहिलं. ते तिचं माहेरचं आडनाव. मीनाक्षीबाईंनी तिला तसं सुचवलं नव्हतं. सुचवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटलं.

मग फळ्याच्या फोटोची पाळी आली. शिवांगीच्या अपार्टमेंटमध्ये दोघी लॅपटॉपपुढे बसल्या. राधिकाचं नाव पुसून मीनाक्षीबाईंनी स्वतःच्या हातानं टाइप केलं: ‘फळ्यापाशी उभ्या: मीनाक्षी ओगले, शाळेच्या संस्थापिका. कडेवर: त्यांची मुलगी सलोनी.’ आठही मुलांची नावं त्यांना पाठ होती, तीही भरली.

“आणि मागे जिन्यात?” शिवांगी म्हणाली. “नाव तर टाकता येणार नाही. फील्ड ब्लँक पण चालत नाही काकू, कोण आहे ते माहीत असेल तर डिस्क्राइब करावं लागतं.”

मीनाक्षीबाईंनी समोरचा जुना अल्बम जवळ ओढला आणि पानं उलटली. सौ. लेले. सौ. वर्तक. डावीकडून दुसऱ्या सौ. गद्रे. पन्नास वर्षांतल्या शेकडो बायका, एकीलाही स्वतःचं नाव नव्हतं. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि टाइप केलं: ‘मागे उभे: मीनाक्षी ओगले यांचे यजमान.’

शिवांगी आधी हसली, मग हसायची थांबली.

“हे फॅक्च्युअली करेक्ट आहे,” ती म्हणाली.

“अगदी,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “पुढचा फोटो घे.”

कुमारराव दोनशे बारा फोटोंत होते. माणसाला पुढे पुढे करायची हौस असली की असं होतं. संक्रांत, पिकनिक, नाटकाची तालीम, हॉलचं उद्घाटन, हारतुरे. एक्क्याण्णवपर्यंत प्रत्येक ठिकाणी मीनाक्षी ओगले यांचे यजमान. त्र्याण्णवपासून पुढे राधिका पांढरीपांडे यांचे यजमान. अध्यक्षीय भाषण करताना राधिका पांढरीपांडे यांचे यजमान. संघाचा जीवनगौरव स्वीकारताना, तेही तेच. एकदम सगळीकडे चिकटवायची सोय होती, शिवांगीनं दाखवलीही. पण मीनाक्षीबाईंनी दोनशे बारा वेळा हातानंच टाइप करायचं ठरवलं. आठवडाभर त्या रोज सकाळी आंघोळ करून, चहा पिऊन, पूजेला बसावं तशा त्या कामाला बसत होत्या. इतकी शांत झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती.

बारा नोव्हेंबरला दुपारी कुमाररावांचा फोन आला. जमा होण्याआधी संग्रह पाहून घ्यायची लिंक कोणीतरी त्यांना पाठवली होती. आवाज चढा नव्हता, थकलेला होता.

“पन्नास वर्षं राबलो मी संघासाठी,” ते म्हणाले. “नाव शोधलं तर एकही फोटो येत नाही. काही केल्या येत नाही.”

मीनाक्षीबाई म्हणाल्या की माझंही येत नव्हतं. मग त्यांनी वाटही सांगितली. अजून तीन दिवस आहेत. नवा फॉर्म भरा, कॅमेऱ्यापुढे बसा. मी एकच प्रश्न विचारेन, पत्ते कोणी केले. खरं उत्तर द्या. दोनशे बारा ठिकाणी तुमचं नाव मी स्वतः घालीन, कानामात्रा न चुकता.

पलीकडून काही ऐकू येईना. मीनाक्षीबाई सवयीनं सेकंद मोजू लागल्या. चार झाले. नऊ झाले. सतराव्या सेकंदाला फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यांना कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं, म्हणून त्या जरा वेळ थांबल्यासुद्धा.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. एकोणीस फोटो अजून उरले होते, एक्क्याण्णव ते त्र्याण्णव या दोन वर्षांतले. पहिली बायको गेलेली, दुसरी यायची होती. तेव्हा हा माणूस कोणाचाच यजमान नव्हता. पहिल्या फोटोत तो गणपतीच्या आरतीत सगळ्यांच्या पुढे ताट धरून उभा होता. आजूबाजूच्या अकरा जणांची नावं मीनाक्षीबाईंनी एकेक करून भरली, बायकांची त्यांच्या माहेरच्या नावासकट. शेवटी मधली जागा राहिली. तिथे त्यांनी लिहिलं, ‘एक गृहस्थ’, आणि सेव्ह केलं.